पनिना विसरली ते पोहे

१५ ऑक्टोबर १९९८, गुरुवार. ओसाका.

पनिना, तू विसरली असशील म्हणून आधीच सांगते: मी तुझी मोठी बहीण मल्का, आणि मी रामल्यात नाही, इस्रायलातच नाही, जपानात आहे. तेव्हा संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजवत उभी राहू नकोस. हे टेपचं यंत्र नातजावयाने, यारोनने दिलंय. लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. कॅसेट पोस्टाने येईल, ती ऐकून वहीत उतरव. मला अक्षर येत नाही म्हणून माझी रोजनिशी का अडावी? तू सातवीपर्यंत शिकलीस ती ह्याच दिवसासाठी, असं समज. आणि मधेमधे स्वतःचं काही घुसडू नकोस.

आता तुझा पराक्रम ऐक. इथे येऊन पिशवी उघडली. वर माझी लुगडी, खाली मसाला, त्याच्या खाली तू ठेवलेली पाकिटं. म्हटलं, हे मलिद्याचे पोहे. फोडून बघते तर कुरमुरे! अगं, एलियाहू हन्नाबीसारख्या प्रेषिताच्या नवसाच्या ताटात कुरमुरे ठेवू? तो काय चौपाटीवर हवा खायला आलाय?

(मी पोहेच मागितले होते. दुकानदाराने चुकीचं दिलं. — पनिना)

रेउतला बघितलं. माझ्या त्सिलाची मुलगी, माझी नात, पण आता तिच्या तोंडावर त्सिलाचं हसू राहिलेलं नाही. पलंगावर डाव्या कुशीला, भिंतीकडे तोंड करून पडून असते. दोन गेली बिचारीची. पहिलं तिसऱ्यात, दुसरं सहाव्यात. आता तिसऱ्या खेपेचा सहावा संपत आलाय. डॉक्टर म्हणाला, वर्ष संपेपर्यंत उठायचं नाही. यारोन सकाळी कंपनीत जातो तो दिवे लागल्यावर येतो. म्हणून मी. खरं तर त्सिलाने यायचं, ती आई. पण ती म्हणाली, ऑफिसातून रजा नाही.

निघताना हन्नाबीच्या तसबिरीपुढे बोलून आले: हिला आठवा महिना लागू दे, त्या दिवशी पोह्यांचा मलिदा करीन. बोललेलं मागे घेता येत नाही. महिनाभर हातात आहे. हा तांदूळ खाणाऱ्यांचा देश. इथे पोहे मिळाले नाहीत तर मग मिळणार कुठे? मी शोधीन. तू काही पाठवू नकोस. तू साबुदाणा पाठवशील.

१८ ऑक्टोबर, रविवार.

रेउत म्हणते, "सावता, तू दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. मला वाटतं मी दुधाचं पातेलं आहे आणि उतू जाईन म्हणून कोणीतरी राखण बसलंय." सगळं हिब्रूत, आजीलासुद्धा सावता. मी मराठीत बोलते, ती हिब्रूत उत्तर देते, आणि आमचं भांडण कुठे अडत नाही.

"मग काय करू?"

"बाहेर जा. शहर बघ. माझं सगळं बघायचं राहिलंय. तू बघ आणि मला येऊन सांग."

खालच्या मजल्यावरची बाई तासातासाला डोकावून जाते, उशाशी फोन आहे. म्हटलं, चला.

यारोनने मला निळा कोट आणला. चांगला उबदार आहे. छातीवर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून आणलीय, तिच्यावर जपानी अक्षरं. म्हणे इथली फॅशन. असेल. इथे पोरांच्या शाळेच्या कपड्यांवरही असतात.

पनिना, एक गंमत सांगते. यारोन एवढा इंजिनिअर, पण स्टेशनातल्या नकाशापुढे उभा राहिला की आपल्या हिंदुस्थानातल्या गावच्या बाजारात हरवलेल्या वासरासारखा दिसतो. त्याला एक अक्षर लागत नाही. मला तर साठ वर्षांची सवय आहे. मी खुणेने चालते. आमच्या गाडीचा रंग वांग्याचा. वांगी रंगाची पाटी दिसली की जिना उतरायचा. जिन्याच्या तोंडाशी फूलवाली, उजव्या हाताला मासळीचा वास, वासाच्या पुढे आमचं घर. आज गेले आणि आले. वाटेत एका पोलिसाने मला बघितलं, मग छातीकडे बघितलं. मी त्याला मराठीत झापला. त्याने सलाम ठोकला आणि थेट वांगी जिन्यापर्यंत सोडायला आला. काय माणसं आहेत! परक्या बाईचं घर कुठे तेही ह्यांना ठाऊक.

२२ ऑक्टोबर, गुरुवार.

आज खेकडा बघितला. खोलीएवढा, लाल, एका खाणावळीच्या कपाळावर चढवलेला. आणि पाय हलवतो! मी खाली उभी राहून म्हटलं, बाबा, कितीही बोलाव, आमच्यात तू चालत नाहीस. दोन पोरी माझ्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून गेल्या. खेकड्याचा काढला की माझा, कोण जाणे.

पुढे कालवा आहे, त्याच्या दोन्ही काठांना इतके दिवे की रात्र कुठून आत येणार? माणसं चालतात, खातात, पण कोणी कोणाला धक्का देत नाही. रामल्याच्या शुकमध्ये टोमॅटो घ्यायला गेलं तरी बरगड्या मोजत यावं लागतं.

घरी येऊन रेउतला सांगितलं. भिंतीकडे तोंड होतं. खेकड्याचे पाय कसे हलतात ते मी उभी राहून करून दाखवलं. ती म्हणाली, "सगळे एकदम नाही हलत, सावता. आधी डावे." म्हणजे तिने बघितलाय! आणि भिंतीकडे तोंड करून तिला कसं कळलं मी चुकीचे हलवले? खिडकीच्या काचेत बघत होती, लबाड.

त्सिला अजून एकदाही फोनवर आलेली नाही. रेउत विचारत नाही. मीच म्हटलं, "बिलाला घाबरते तुझी आई." ती म्हणाली, "आई मला कंटाळलीय." मी म्हटलं, वेडी आहेस. पण पनिना, तू तिला जरा विचार.

१ नोव्हेंबर, रविवार.

इथे नवं भात आलंय. दुकानादुकानांत झेंडे लावलेत. आपल्याकडे खिरीच्या सणाला जसा नव्या तांदळाचा वास घरभर, तसा इथल्या बाजारात. बाजार मोठा, वरून छप्पर, ह्या टोकाला उभं राहिलं तर ते टोक दिसत नाही. तांदळाच्या दुकानात शिरले. गोल तांदूळ, लांबट तांदूळ, लाल, काळा, चिकट. पोहे नाहीत.

मी तळहातावर तळहात आपटून दाखवलं: चपटा, चपटा. दुकानदाराने आतून एक चपटा वाळवलेला जीव आणला, त्याला दहा पाय. नको बाबा. पुढच्या दुकानात पुन्हा हात आपटले. तिथली म्हातारी माझ्याबरोबर दोनदा टाळ्या वाजवून डोळे मिटून उभी राहिली. इथे देवापुढे अशा टाळ्या वाजवतात म्हणे. माझ्यामुळे तिची प्रार्थना तरी झाली.

तिसऱ्याने वडी दिली. कुरमुऱ्यांचा लाडू असतो ना, तोच, पण चौकोनी आणि पाट्यासारखा कडक. माझा पुढचा दात थोडक्यात वाचला. पनिना, ह्या शहरातही कुरमुरेच. तू इथे येऊन गेलीस की काय?

यारोनने कोबे गावातल्या हिंदुस्थानी दुकानात फोन केला. डाळी आहेत, पापड आहे, पोहे पुढच्या बोटीने, जानेवारीत. तो म्हणाला, "सावता, एक वर्ष पोह्यांशिवाय केलं तर काय होईल?"

मी म्हटलं, "तू कंपनीत पाण्याशिवाय पाण्याचं यंत्र विकतोस का?"

उठून चहा ठेवायला गेला. हुशार आहे.

५ नोव्हेंबर, गुरुवार.

आज कुठे गेले नाही. रेउतच्या पायांना तेल लावलं. तिने एकदाही पोटावर हात ठेवलेला मी पाहिला नाही. आपल्या बायकांना त्या दिवसांत हात कुठे ठेवायचा ते शिकावं लागतं का? आपसूक जातो. हिचा जात नाही.

घरात बाळाचं एक फडकंही नाही. ते मला ठाऊक आहे, आधी काही आणायचं नसतं. पण हिने बाळाचं नावसुद्धा काढायला बंदी केलीय. यारोन 'जानेवारीनंतर' म्हणतो, बाळ म्हणत नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार.

मिळाली! पोहे नव्हे, पण पोह्यांची वाट.

एका डब्याची ट्राम आहे, घरांच्या परसातून जाते, खिडकीतून हात घातला तर कोणाचंही धुणं काढून घ्यावं. तिच्या शेवटच्या थांब्यापाशी एक म्हातारी रस्त्याच्या कडेला माल मांडून बसली होती. अफर्सिमोनची केशरी फळं, चेस्टनट, आणि भाताच्या लोंब्यांच्या जुड्या. भात, पनिना! तुसासकट! सणाला दाराला बांधायला विकते.

मी बसकण मारली. एक दाणा नखाने सोलला, तिच्यापुढे धरला. भिजवलं, असं दाखवलं. भाजलं, असं. मग मुसळ हातात धरून, हूं, हूं, कांडलं. मग चिमटीत धरून चपटा. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ही पोलिसाला बोलावणार. तर तिने माझा हात घट्ट धरला आणि खो खो हसली. "याकिगोमे! याकिगोमे!" पुढचे दात मला जेवढे, तेवढेच तिला.

इथे स्वतःचं नाव सांगायला नाकावर बोट ठेवतात. तिने नाकावर ठेवून सांगितलं, किनुए. मीही नाकावर ठेवून म्हटलं, मल्का. पुढच्या सोमवारी ये, अशी खूण केली. कशी कळली? सूर्य उगवून मावळताना तिने सात वेळा दाखवला, हात दुखेपर्यंत.

घरी रेउतला तो शब्द सांगितला. तिने फोन करून कोणाला तरी विचारलं आणि चक्क माझ्याकडे वळून सांगितलं: नवं भात भिजवून, भाजून, कांडायचं, पूर्वी खेड्यात म्हाताऱ्या करायच्या, आता कोणी करत नाही. "तुला बरोबर तीच कशी सापडली, सावता?"

म्हटलं, म्हाताऱ्या म्हाताऱ्यांना सापडतात.

१५ नोव्हेंबर, रविवार.

आज रस्त्यावर लहान पोरांची वरात. तीन, पाच, सात वर्षांची. रेशमी झगे, केसांत फुलं, पोरांच्या कमरेला पट्टे, हातात पोरांपेक्षा लांब गोळ्यांची पिशवी. एवढी वाढली म्हणून देवाचे उपकार मानायला नेतात. एक पोरगी झग्यात पाय अडकून पडली आणि अशी रडली की सगळं रेशीम नाकाने भिजवलं. तिच्या आजीने स्वतःच्या बाहीने पुसलं.

हे रेउतला सांगावं की नाही, वाटभर विचार केला. सांगितलं. ती उशीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, मराठीत, "आजी, हे राहील का?"

मराठीत, पनिना. लहानपणी ताप आला की मराठीत बोलायची.

मी म्हटलं, "राहील. मी बोलून आलेय."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर मी हन्नाबीशी बोलणं सोडीन, आणि ते त्याला परवडणार नाही."

हसली. पण मला रात्रभर झोप नाही. मी नेहमी ठाम बोलते, कारण ठाम बोललं की समोरचा धीर धरतो. माझा धीर कोण धरतो? मी घाबरलेय, पनिना. दुसरं गेलं तेव्हा मी रामल्यात बसून भांडी घासत होते, आणि इथे माझ्यासमोर होईल की काय, एवढंच डोक्यात. हे वहीत लिहू नकोस.

(लिहिलं. — पनिना)

१८ नोव्हेंबर, बुधवार.

क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गुंता होईल.

सोमवारी किनुए भेटली. तिने फडक्यात बांधून आणलं होतं. हिरवट दाणे, भाजल्याचा वास, थोडे चेपलेले. पोहे नव्हेत, पोह्यांची मावशी. मी तोंडात टाकले, मान डोलावली, मग चिमटीने दाखवलं: अजून चपटा. तिने कपाळावर हात मारला आणि उद्या ये म्हणाली. उद्या म्हणजे काल, मंगळवारी.

काल तिने मला तिच्या मुलाच्या तांदळाच्या दुकानात नेलं, स्टेशनामागच्या गल्लीत. मागच्या अंगणात दगडी उखळ, नव्या वर्षाच्या चिकट भाकऱ्या कुटायची. भात तिने आदल्या दिवसापासून भिजत घातलं होतं. लोखंडी कढईत भाजलं. तुसं तडतडायला लागली तशी मी ओरडले, "आता! आता! गरम आहे तोवर!" तिला मराठी कळलं. तिने लाकडी मोगरी उचलली, मी उखळापाशी बसून कालथ्याने भात फिरवायला लागले. ती मारते, मी फिरवते, ती मारते, मी फिरवते. एक क्षण चुकला असता तर माझी बोटं पोह्यांत. कांडणाचं गाणं तोंडात आलं, किती वर्षांनी! ती पण काहीतरी म्हणायला लागली. तिचं वेगळं, माझं वेगळं, घाव मात्र एक.

सुपासारखं तिच्याकडे गोल टोपलं होतं. पाखडलं. कोंडा उडाला. आणि खाली पोहे! जाडे, हिरवट, काही तुटके, पण पोहे. मी मूठभर घेऊन हुंगले.

तेवढ्यात तिचा मुलगा धावत आला. माझ्या छातीकडे बघत होता, पुन्हा पुन्हा, हातात फोन. त्याने यारोनचा नंबर कसा लावला देव जाणे. जपान्यांना सगळं ठाऊक असतं. फोन माझ्या कानाला लावला. यारोन म्हणाला, "सावता, रेउतला कळा आल्या. हॉस्पिटलात आहोत. मी तुमचाच शोध घेत होतो."

दुपार कधी कलली मला कळलंच नव्हतं. मी पोहे कांडत बसले होते आणि ती एकटी होती. किनुएने पोहे फडक्यात बांधले, माझ्या ओटीत घातले. मुलाने तांदळाच्या गाडीत बसवलं. सगळा रस्ता मी ते गाठोडं पोटाशी धरून बसले होते. पोहे अजून गरम होते. मी हन्नाबीला काही म्हटलं नाही.

सलाईन लावली होती. कळा थांबल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण, केस आखूड. यारोनला सांगत होती: बाळ ठीक आहे, आता घरी सोडणार नाही, इथेच राहायचं.

मी रेउतला म्हटलं, "मी गेले नसते तर..."

ती म्हणाली, "दाय, सावता. पुरे. मी पाठवली तुला. पोहे झाले का?"

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

आठवा लागला. मलिदा झाला. हॉस्पिटलात.

दुपारी यारोनबरोबर खाली हॉलमध्ये बसले होते. त्याच्या खिशातला छोटा फोन वाजला. तो कोपऱ्यात गेला, हळू आवाजात हिब्रू. "त्सिला" एवढं मला ऐकू आलं. म्हटलं, कोण ते? म्हणाला, "कोणी नाही." मी फोन हिसकावला.

"त्सिला?"

"आई..."

"बिलाला घाबरतेस ना? मग हे काय?"

यारोनने मान खाली घातली. ती रोज फोन करते, पनिना. रोज, त्याच्या कंपनीत. रेउतला सांगायचं नाही, अशी शपथ घालून. रजेचं सगळं खोटं.

"आई, मी दोन्ही वेळा तिच्याजवळ होते. पहिल्या वेळी मीच तिचा हात धरला होता. दुसऱ्या वेळी मी पोचले आणि दुसऱ्या दिवशी... माझा पायगुण वाईट आहे. ह्या वेळी माझा आवाजही तिच्या कानावर जायला नको."

मी म्हटलं, "तुझा पायगुण! तू जन्मलीस त्या सकाळी आपली हरवलेली म्हैस घरी आली, दूध देत. तुझ्या बापाने गावभर सांगितलं. पायगुण म्हणे! माझी मुलगी, एवढी शिकलेली, मोठ्या ऑफिसात बसते, आणि डोक्यात हा भुसा? ती पोर तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलीय, आईला नकोशी झाले म्हणून. ऊठ आणि पनिनाच्या घरी जा. इथे संध्याकाळ झाली की मी तिच्या घरी फोन लावते. येहुदाभावजी प्रार्थना म्हणतील. तू तिथे असायचंस."

ती नाही म्हणाली. मी फोन यारोनकडे दिला. मला तो बंद करता येत नाही.

संध्याकाळी रेउतच्या खाटेशेजारी ताट मांडलं. किनुएचे पोहे भिजवून, साखर, सुकं खोबरं. अफर्सिमोन, संत्रं, केळं, सफरचंद, आणि रामल्याहून माझ्याबरोबर आलेले खजूर. गुलाब नव्हता, फूलवालीने पांढरं काहीतरी दिलं, वास चांगला होता. खोलीत आणखी तीन बायका, तिघींची पोटं मोठी. पडदे सारून बघायला लागल्या. बघोत.

यारोनने फोन ताटाजवळ ठेवला. पुढचं तुला ठाऊकच आहे, तू तिथेच होतीस. भावजींचा आवाज आला, जरा कापरा, पण स्पष्ट. एकेक फळ, एकेक आशीर्वाद. आमेन म्हणायला तू तिथेही विसरलीस, ते ऐकू आलं मला. पण तिसऱ्या फळाच्या वेळी आणखी एक आमेन आलं. बारीक. रडून बसलेल्या गळ्यातून.

रेउतचं डोकं उशीवरून फिरलं. फोनकडे.

"इमा?"

भावजी थांबले. मग पुन्हा एक आमेन आलं, चुकीच्या जागी, मोठ्याने. आणि रेउतचा हात, मी पाहिला, चादरीखालून निघाला आणि पोटावर गेला.

पोहे सगळ्या खोलीने खाल्ले.

१ डिसेंबर, मंगळवार.

शहराच्या मधोमध एक मोठा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, पानं पंख्यासारखी. सगळी एकदम पिवळी झालीत, हळदीकुंकवातली हळद सांडावी तशी. वारा आला की माणसांच्या डोक्यावर पडतात, कोणी झटकत नाही. मी पण नाही झटकली. तशीच हॉस्पिटलात गेले.

आता रोजचा कार्यक्रम ठरलाय. दुपारी मी खोलीत शिरते, कोट काढते, आणि खोलीतल्या बायका उठून बसतात. "ओबाचान, आज कुठे?" असं काहीतरी विचारतात. ओबाचान म्हणजे आजी. मी मराठीत सांगते, रेउत जपानीत सांगते, आणि कधीकधी मी दोन वाक्यं बोलले तर ती दहा बोलते. काय घालते देव जाणे, बायका पोट धरून हसतात. आणि कोटाकडे बघून रेउत स्वतःच हसते. चांगला कोट आहे, हसण्यासारखं काय आहे?

किल्ला बघितला. आत लिफ्ट आहे. राजाला लिफ्ट असती तर एवढ्या पायऱ्या कशाला बांधल्या असत्या, असं मी म्हटलं, त्यावर त्या तिघी बराच वेळ गंभीर झाल्या.

त्सिला रोज संध्याकाळी बोलते. काय बोलतात? काही नाही. काय जेवलीस, झोपलीस का. पण यायचं नाव काढलं की फोन ठेवते. आवाज चालला, पाऊल अजून चालत नाही.

१३ डिसेंबर, रविवार.

हनुकाची पहिली मेणबत्ती. आगीची परवानगी नाही म्हणून नर्सने खिडकीत बॅटरीचा दिवा लावून दिला. प्रार्थना म्हटली. हन्नाबीला समजूत आहे.

थंडी कडाक्याची. सकाळी किनुए मला न्हाणीघरात घेऊन गेली. पनिना, तू बसून ऐक. गल्लीतल्या सगळ्या बायका, लहान मोठ्या, एका मोठ्या गरम हौदात, अंगावर देवाने दिलेलं तेवढंच! आपल्याला मिक्वेच्या पवित्र कुंडात बुडी मारायची तर एकटीने, राखणदारीण पाठ वळवून उभी. इथे शेजारीण तुझी पाठ घासते आणि भाजीचा भाव सांगते. मी दारात दोन पावलं मागे आले. मग म्हटलं, ह्या वयात कोणाला काय बघायचंय? शिरले. किनुएने माझी पाठ घासली. मी तिची घासली. परत आले तेव्हा हाडांत थंडी उरली नव्हती. रेउतला सांगितलं तर ती म्हणाली, "सावता, तू ह्या शहरात माझ्यापेक्षा जास्त राहिलीस."

म्हटलं, "तू ऊठ, मग मी घरी बसते."

"उठेन," म्हणाली. 'जर' म्हणाली नाही.

२० डिसेंबर, रविवार.

मुलगी. शुक्रवारी, शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी. घाई केली, पण आवाज असा की नर्सने कानावर हात ठेवले.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी केस विंचरून दिले. आत नेताना रेउतने यारोनला सांगितलं, "आईला लाव." नर्स म्हणाली, फोन आत चालत नाही. तेव्हा खोलीतल्या त्या तिघी बायका, पोटं धरून, चपला घसटत बाहेर आल्या आणि नर्सला काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या मला कळलं नाही, पण नर्सने दार अर्धं उघडं ठेवलं. यारोन उंबऱ्यात फोन धरून उभा. रामल्यात पहाट सरत होती. त्सिला तिकडून बोलली नाही, फक्त श्वास. रेउत ओरडली की तिकडूनही श्वास जोरात. शेवटपर्यंत तिने फोन ठेवला नाही. आणि मग ती पोर रडली, आणि रामल्यात ऐकू गेलं.

म्हणजे त्सिला होती, पनिना. सगळा वेळ होती. आता तिचा पायगुण कुठल्या खुंटीला टांगायचा ते तिने बघावं.

रेउतने मुलीला छातीशी धरलंय आणि दार उघडलं की तिकडे बघते. मला माहीत आहे कोणासाठी. मी मोठी, पण मी आई नव्हे.

तेव्हा आता ऐक, आणि यारोन तुझ्या घरी फोन लावून हेच पुन्हा सांगेल, कारण कॅसेट पोचेपर्यंत पोर चालायला लागायची. बाळंतिणीला लाडू हवेत. डिंक तुपात फुलवून घे, कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक बी काढून कुटायची. अळीव नारळाच्या पाण्यात भिजव, त्यात खडे असतात, चष्मा लावून निवड. सुंठ जास्त घाल, इथे थंडी आहे. बाळंतशोपा वेगळ्या पुडीत. लाडू घट्ट वळ आणि पत्र्याच्या डब्यात भर. आणि डबा पोस्टाने पाठवायचा नाही. विमानात त्सिलाच्या मांडीवर ठेवून पाठवायचा.